गादीचे वजन

पूर्वी आपण गादीसाठी कापूस किलोवर घेत असू. फोमची गादी मात्र इंचांवर घेतो. या लहानशा फरकात किती फसगत मावते, हे आम्हांस आईच्या आजारपणात कळले.

आमचे बालपण आरे कॉलनीत गेले आणि आजही आम्ही आरेतच राहतो. अण्णा तिथल्या डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. त्या काळी पावसाळा सरला की पिंजारी धनुकलीची तार छेडत वसाहतीत येई. आई गादी उसवून देई आणि नवा कापूस तराजूत पडेपर्यंत समोरून हलत नसे. गादीत काय आणि किती आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

आईचे खुब्याचे हाड मोडले आणि ती अंथरुणाला खिळली. शरीराचा भार पसरवणारी गादी घ्या, असा सल्ला मिळाला. मेमरी फोम हा पदार्थ १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी नासासाठी, विमानातील आसनांकरिता तयार केला, एवढी ऐकीव माहिती घेऊन आम्ही दुकानात गेलो. ‘सहा इंच, पन्नास डेन्सिटी,’ विक्रेता म्हणाला. आम्ही समजल्यासारखी मान डोलावली. दीड वर्षात गादीच्या मधोमध खळगा पडला, आणि आईच्या माकडहाडावरची त्वचा लाल दिसू लागली.

त्या खळग्याकडे बराच वेळ पाहून अण्णांनी विचारले, “हिचे वजन किती?”

घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन. दुसरे काही नाही. मऊपणा किंवा कडकपणा हा वेगळा गुण. दाट फोमही मऊ असू शकतो आणि विरळ फोमही हाताला टणक लागू शकतो. घनता सांगते ती एवढेच, की त्या जागेत पदार्थ किती आहे आणि हवा किती. पदार्थ कमी असेल तर रोजच्या भाराखाली फोम लवकर थकतो. मेमरी फोममध्ये साधारणतः पन्नासच्या खालचा हलका, पन्नास ते ऐंशी मध्यम आणि त्यापुढचा भारी समजतात.

आम्ही गादी उभी कवटाळून वजनकाट्यावर चढलो, मग गादीशिवाय चढलो. फरक आठ किलोंचा. एक किलो खोळीचा धरला, तर फोम उरला सात किलो. सहा फूट बाय तीन फूट बाय सहा इंच म्हणजे नऊ घनफूट, सुमारे ०.२५५ घनमीटर. सरासरी घनता निघाली सत्तावीस! विक्रेत्याचे ‘पन्नास’ फक्त वरच्या दोन इंचांचे होते. ते खरे मानले, तर खालच्या चार इंचांना जेमतेम सोळा उरत होते. म्हणजे वरचा थर तरी खोटा होता, नाहीतर खालचा पोकळ.

“आता वजन करूनच घेऊ,” आम्ही म्हणालो. अण्णा हसले. “अरे, लॅक्टोमीटरही घनताच मोजतो. दुधात पाणी घातले की आकडा उतरतो, साय काढली की चढतो. दोन्ही बेताने केले, तर तो जागच्या जागी राहतो. म्हणून आम्ही स्निग्धांश वेगळा तपासायचो.” फोममध्येही खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवता येते, हे आम्हांस पुढे कळले. आकडा खोटा नसतो. तो एकटा अपुरा असतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही प्रत्येक थराची जाडी आणि घनता वेगवेगळी लिहून मागितली, गादीचे वजन विचारले आणि किती इंच खळगा पडला तर हमी लागू होते तेही विचारले. तळवा दाबून उचलला. ठसा सावकाश भरतो की नाही ते पाहिले. फार भारी फोम मात्र टाळला. तो उष्णता धरतो, आणि मुंबईच्या दमट हवेत अंथरुणावरच्या माणसाला घाम बरा नव्हे. दुधाच्या आकड्यासारखाच मेमरी फोमही तापमान पाहून वागतो. आरेत जानेवारीच्या पहाटे बऱ्यापैकी थंडी असते. तेव्हा हीच गादी थोडी ताठरते.

नव्या गादीने आईला बरे वाटले. त्वचेचा लालपणा ओसरला, पण त्याचे सारे श्रेय गादीला देणे अन्यायाचे होईल. अण्णा रात्री दर दोन तासांनी गजर लावून उठत आणि तिची कूस बदलत. ते काम कोणत्याही घनतेचा फोम करीत नाही.

एकदा कूस बदलताना आई म्हणाली, “कापसाची होती ती पिंजून तरी घेता यायची.” तिचे म्हणणे खरे होते. फोम एकदा बसला की बसला; तो पुन्हा फुलवून देणारा पिंजारी नाही. म्हणूनच त्याचे वजन आधी करावे लागते, आणि ते होईपर्यंत, आई जशी तराजूसमोर उभी राही, तसे उभे राहावे लागते.