इथे खाणार की घरी नेणार?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी बाबासाहेबांचा 'द बुद्धा अँड हिज धम्म' हा ग्रंथ आहे. त्यातल्या काही प्रती उघडून पाहिल्या तर आतल्या पानावर तैवानमधल्या तैपेई शहराचा पत्ता सापडतो. 'कॉर्पोरेट बॉडी ऑफ द बुद्धा एज्युकेशनल फाउंडेशन' ही तिथली संस्था दानाच्या पैशातून असे ग्रंथ छापते आणि विनामूल्य वाटते. आमच्या घरची प्रत मिस्टरांनी नागपूरहून, दीक्षाभूमीवरून आणली होती. त्या पत्त्यापलीकडे तैवानशी आमचा काही संबंध नव्हता. पुढे माझ्या मुलीला तिथल्या शिंचू शहरात एम.एस्सी.साठी शिष्यवृत्ती मिळाली आणि तो देश एकदम आमच्या घरात येऊन बसला.

रोज रात्री फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला. "जेवलीस का? काय जेवलीस?" आणि तिचे उत्तरही ठरलेले. "बाहेर खाल्लं, आई." हे ऐकले की माझ्या पोटात कालवाकालव होई. आपल्याकडे बाहेर खाणे म्हणजे एक तर चैन, नाही तर घरी करून घालणारे कोणी नसणे. मी पहाटे साडेचारला उठून चार डबे भरणारी बाई. माझी लेक तीनही वेळा परक्यांच्या हातचे खाते, याची मला खंत वाटायची. शेवटी पतपेढीतून कर्ज काढले, रजा टाकली आणि गेल्या नोव्हेंबरात दहा दिवस तिच्याकडे जाऊन आले.

पहिल्याच सकाळी ती मला न्याहारीच्या दुकानात घेऊन गेली. अशी दुकाने तिथे गल्लोगल्ली आहेत आणि पहाटेच उघडतात. सोयाबीनचे गरम दूध, तळलेल्या कणकेच्या लांब कुरकुरीत काड्या, अंडे लावून गुंडाळलेली पोळी. दुकानदारीण बाईने आम्हाला पाहताच विचारले, "नेइयोंग? वाइदाइ?" मुलीने अर्थ सांगितला, "इथे खाणार की घरी नेणार?" पुढे दहा दिवस हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की तेवढी चिनी मला पाठच झाली.

मागणी नोंदवायची पद्धत तर मला फारच आवडली. बऱ्याच ठिकाणी पदार्थांची नावे आणि दर छापलेला एक कागद असतो. हव्या त्या पदार्थापुढे पेन्सिलीने नग लिहायचे, टेबल नंबर टाकायचा, कागद काउंटरवर द्यायचा. जन्मभर फॉर्म भरणाऱ्या कारकुनाला याहून सोपे ते काय! मी मनातल्या मनात बेरीज करून ठेवायची आणि बाईंच्या बेरजेशी ताळा घ्यायची. एकदाही चूक निघाली नाही. एक तैवानी डॉलर म्हणजे आपले पावणेतीन रुपयांहून थोडे जास्त, हा हिशोब मी पहिल्याच दिवशी मनाशी पक्का केला होता.

आता इतके लोक रोज बाहेर का खातात? मुलीच्या वसतिगृहाच्या खोलीत ओटाच नाही. नोकरदारांच्या भाड्याच्या लहान खोल्यांतही पुष्कळदा नसतो. शिंचूला १९८० साली सायन्स पार्क सुरू झाले, १९८७ साली जगप्रसिद्ध चिप बनवणारी टीएसएमसी कंपनी तिथेच उभी राहिली. पाळ्यांमध्ये काम चालते. बाई आणि पुरुष दोघेही कामावर. मग चूल पेटवायची कोणी आणि कधी? आपल्या गिरणगावात घर सोडून आलेल्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनीच जगवले. त्याच बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तैवानातली ही लहान दुकाने पाहताना मला त्या खानावळींची आठवण झाली. नवरा तव्यावर, बायको गल्ल्यावर, कोपऱ्यात पोर अभ्यासाला बसलेले. परक्यांच्या हातचे खाणे म्हणून मी ज्याची खंत करत होते, ते प्रत्यक्षात कुणाच्या तरी संसाराचे अन्न होते.

दुपारी 'ब्येनदांग'. म्हणजे आपला डबाच! तैवानवर १८९५ ते १९४५ जपानचे राज्य होते. जपानी 'बेंतो' तिथे आला आणि त्याचा ब्येनदांग झाला. भातावर डुकराच्या मांसाचा तळलेला किंवा मुरवून शिजवलेला तुकडा, अंडे, कोबी. रेल्वे स्टेशनवर मिळणारा डबा तर फारच लोकप्रिय. शंभर डॉलरच्या आसपास एका माणसाचे पोट भरते.

एके दिवशी आम्ही शाकाहारी जेवणघरात गेलो. अशा अनेक दुकानांच्या पाट्यांवर बौद्धांचे स्वस्तिकचिन्ह असते. पंधरा-वीस भाज्या मांडलेल्या, आपण आपल्या हाताने वाढून घ्यायचे, थाळी काट्यावर ठेवायची आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. तिथले व्रतस्थ बौद्ध कांदा-लसूणही टाळतात. पुष्कळ लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेवढे शाकाहारी जेवतात. मला विशेष वाटले ते वेगळेच. आपल्याकडे 'शुद्ध शाकाहारी' पाटी वाचली की आत जाताना पाऊल जरा अडखळते. आडनाव विचारतील का, असे उगाच वाटते. तिथे शाकाहार हे माणसाने आपणहून घेतलेले व्रत आहे. काल मांस खाणारा आज त्याच बाकावर बसून भाजी खातो, उद्या पुन्हा मांस खातो, आणि कोणी कोणाला बाटवत नाही.

गोमांसाचेही तसेच. तिथल्या जुन्या शेतकरी घरांत बैल शेतात राबतो म्हणून त्याचे मांस खात नसत. काही वडीलधारी माणसे आजही खात नाहीत. १९४९ नंतर चीनमधून आलेल्या सैनिकांनी आपल्या आठवणीतला झणझणीत रस्सा आणि शेवया यांतून जी 'न्यूरोउम्येन' केली, ती आज तैवानची ओळख समजली जाते. खाणारा खातो, न खाणारा खात नाही. वाकडी नजर कोणाची नाही.

संध्याकाळी मुलगी मला शिंचूच्या नगरदेवतेच्या देवळाकडे घेऊन गेली. देऊळ १७४८ सालचे. आपल्याला नवसाचे काही नव्हते, आम्ही गेलो ते देवळाला वेढून बसलेल्या खाण्याच्या गाड्यांसाठी. शिंचूला वाऱ्याचे गाव म्हणतात. हिवाळ्याच्या तोंडी इतका वारा सुटतो की माझी ओढणी दोनदा उडाली. त्याच वाऱ्यावर तांदळाच्या शेवया वाळवतात, म्हणून इथल्या शेवया नावाजलेल्या. निसर्गाने जो त्रास दिला त्याचाच लोकांनी धंदा केला!

तिथेच मी 'लूरोउफान' खाल्ला. डुकराच्या चरबीदार मांसाचे बारीक तुकडे, सोयासॉस आणि तळलेला लहान कांदा घालून तासन्‌तास शिजवायचे आणि गरम भातावर एक पळी ओतायचे. चाळीस-पन्नास डॉलरची वाटी. चांगले मांस ज्यांना परवडत नसे, त्यांनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून काढलेली ही चव. २०११ साली मिशेलिनच्या प्रवासी मार्गदर्शिकेत हा पदार्थ चीनच्या शांतुंग प्रांतातला आहे असे छापून आले, तेव्हा तैपेईच्या महापौरांनी हा आमचाच पदार्थ आहे म्हणून भर शहरात त्याच्या वाट्या फुकट वाटल्या. गरिबाच्या एका वाटीसाठी महापौर रस्त्यावर येतो, ही गोष्ट मुलीने सांगितली तेव्हा मी हसले. पण नंतर ती माझ्या मनातून जाईना.

घरी नेण्याच्या खाण्यात पहिला मान त्यांच्या 'मोत्यांच्या चहा'चा. थंड दुधाचा चहा, तळाशी काळे मऊ गोळे आणि ते ओढायला जाड नळी. हे गोळे ज्या कंदाच्या पिठाचे, त्याच कंदापासून आपला साबुदाणा होतो. १९८०च्या दशकात हा चहा निघाला. तो आधी कोणी काढला यावरून तायचुंग आणि ताइनान इथली दोन दुकाने वर्षानुवर्षे कोर्टात भांडली. २०१९ साली निकाल लागला की हा चहा कोणीही करू शकतो. साखर किती, बर्फ किती, हे गिऱ्हाईक सांगेल तसे. आपला पेला घरून नेला तर किंमत पाच डॉलर तरी कमी होते. माझी लेक स्टीलचा पेला पिशवीत घेऊन फिरते. तो मीच दिलेला, पाणी प्यायला!

तैपेईच्या राओहे रात्रबाजारात तंदूरसारख्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेले मिरीचे पाव खाल्ले. आणि तिथेच भेटला 'दुर्गंधी टोफू'. आंबवलेल्या खारवणीत मुरवलेले सोयाबीनचे पनीर. दहा पावलांवरून वास येतो, गटार उघडल्यासारखा. मी पदर नाकाला लावला. पण गाडीपुढे रांग! तरुण मुली, साहेब लोक, आजीबाई, सगळे आनंदाने उभे. मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, इथे खाण्याच्या वासाला कोणी नाक मुरडत नाही. मी खोलीत सुकट आणली आहे. शेजारच्या मुली मागून खातात."

वाचक भगिनींनो, तेव्हा मी खाली पाहिले. कारण तिला सुकट लपवायला मीच शिकवले होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी डब्यात सुकट आणि भाकरी नेली होती. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "उद्यापासून हे आणू नका, वास येतो." त्या दिवसापासून आजतागायत माझ्या डब्यात बटाटा, वाटाणा, कोबी. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिलाही बजावले, सुकट, बोंबील, वजरी, चानी यांचे नाव बाहेर काढायचे नाही. घरात खायचे आणि हात धुऊन बाहेर पडायचे.

शेवटच्या दिवशी तिने हट्टाने तैपेईतल्या 'शिन येह' या मोठ्या हॉटेलात नेले. ली श्यू-यिंग नावाच्या बाईंनी १९७७ साली हे हॉटेल लहान प्रमाणावर काढले. ज्या काळी बड्या मेजवान्यांना चीनमधले पदार्थच योग्य समजत, त्या काळी त्यांनी तैवानच्या घरचे जेवण टेबलावर मानाने मांडले. काचेच्या दाराशी मी जरा थबकले. आपल्या साडीकडे, चपलेकडे पाहिले. मुलीने हात धरून आत नेले.

तिने काय मागवले असेल? रताळ्याची पेज! एकेकाळी तिथल्या गरिबांना पोटभर भात परवडत नसे. म्हणून मूठभर तांदळात रताळी घालून पेज शिजवायची. रताळ्याचा पाला डुकरांना घालत, तोही आज लसूण घालून परतून मानाने वाढतात. त्यांच्या बेटाचा आकार रताळ्यासारखा, म्हणून ते लोक स्वतःला अभिमानाने 'रताळ्याची लेकरे' म्हणवतात. सोबत वाळवलेल्या मुळ्याचे जाडजूड आम्लेट. पेजेचा पहिला घोट घेतला आणि मला जालन्याची माझी आई आठवली. बहात्तरच्या दुष्काळात कण्या, मिलो आणि सुकडी खाऊन तगलेली. त्या कण्यांची गोष्ट ती नेहमी आवाज खाली करून सांगायची. इथे त्याच जातकुळीची पेज चिनी मातीच्या सुंदर भांड्यात, पांढऱ्याशुभ्र रुमालासह समोर आली होती आणि वाढणारी मुलगी तिचे कौतुक सांगत होती.

बिल झाले १५४० डॉलर, त्यावर दहा टक्के सेवाशुल्क १५४, एकूण १६९४. आपले पावणेपाच हजार रुपये. माझा जीव कळवळला, पण शिष्यवृत्तीतून साठवलेले ते पैसे लेकीने मला भरू दिले नाहीत. अर्धे आम्लेट उरले होते. एवढ्या मोठ्या हॉटेलात उरलेले कसे मागावे, म्हणून मी गप्प होते. वाढणाऱ्या मुलीने आपणहून विचारले, बांधून देऊ का? आणि खोक्यात घालून दोन्ही हातांनी दिले.

आपल्याकडेही ही वाट कोणी चाललेच नाही असे नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या चुलीवरचे पदार्थ कृतींसह लिहून ठेवले आहेत. पण पुस्तकात आलेले आपल्या डब्यात कधी येणार? आईच्या कण्या मी तिच्याकडून नीट शिकून घेतल्या नाहीत. या उन्हाळ्यात जालन्याला जाऊन ते काम करणार आहे. मुलगीही सुटीत येणार आहे. ती वही घेऊन बसेल.

परत आल्यावर पहिल्या सोमवारी मी डब्यात सुकट आणि ज्वारीची भाकरी नेली. जेवणाच्या सुटीत डबा उघडला. क्षणभर शांतता पसरली. मी मान वर ठेवली आणि जेवू लागले. थोड्या वेळाने नव्याने लागलेली एक मुलगी खुर्ची ओढून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, आमच्या घरीही अशीच करतात. थोडी द्याल?"

मी अर्धी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली.