ठिपक्यांचा हिशेब

२०२२ च्या दिवाळीत आमच्या घरी नवा टीव्ही यायचं जवळजवळ नक्की झालं होतं. निमित्त सासूबाईंचं. आम्ही चेन्नईत, पश्चिम मांबलमला राहतो. दाराबाहेर पडलं की सगळा तमिळचा कारभार. त्यामुळे मराठी बातम्या आणि मालिका हाच सासूबाईंचा मोठा विरंगुळा. पण काही महिन्यांपासून त्यांचं एकच पालुपद सुरू होतं, "पडदा धुरकट झालाय गं. खालून सरकणाऱ्या ओळी वाचताच येत नाहीत."

"आजी, आपला टीव्ही जुना झालाय. आता फोर-के घेऊ," चिरंजीवांनी निकाल दिला.

टीव्हीवरचं चित्र म्हणजे एक प्रकारची ठिपक्यांची रांगोळीच. आमच्या ४३ इंची फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ठिपके आहेत, तर फोर-केमध्ये ८३ लाख. ठिपके चौपट म्हणजे चित्र चौपट स्पष्ट, असा आमचा सरळ हिशेब.

टी. नगरच्या दुकानात विक्रेत्याने दोन्ही प्रकारचे संच शेजारी शेजारी लावून दाखवले. सासूबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "दोन्हींवर सारखंच धुकं आहे."

विक्रेता हसला. मला मात्र हसू येईना. डाळ निवडायचं काम त्यांनी कधी सोडलं? रोज सकाळी बाल्कनीत उभ्या राहून समोरच्या मामींचं कोलम पाहायच्या, ते कधी थांबलं? एकाच घरात राहून माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. टीव्ही न घेताच आम्ही परतलो आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

तिथे भिंतीवर एक तक्ता इंग्रजी अक्षरांचा, दुसरा तमिळ. सासूबाईंना यातलं एकही येत नाही. मग त्यांना चार दिशांना तोंड केलेल्या 'ई'चा तक्ता दाखवला. कोणती बाजू उघडी, ते हाताने दाखवायचं. "मला अडाणी समजले का गं?" त्या माझ्या कानात कुजबुजल्या. मी म्हटलं, "नाही हो आई, इथे आपली देवनागरीच अडाणी ठरलीय!" तेव्हा कुठे त्या हसल्या.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याची नजर ६/३६. म्हणजे निकोप डोळ्याला जे ३६ मीटरवरून दिसतं, ते यांना सहा मीटरवर जावं तेव्हा दिसणार.

डॉक्टरीणबाईंना मी टीव्हीची गोष्ट सांगितली. त्यांनी समजावलं, की डोळ्यालाही मर्यादा असते. पंचांगात अंशाचे साठ भाग करून एका भागाला कला म्हणतात ना, तेवढ्या एका कलेइतका बारीक तपशील निकोप डोळ्याला वेगळा ओळखता येतो. काही तरुण डोळे याहून तीक्ष्ण असतात, पण फार नाही. हॉलंडच्या स्नेलेन या डॉक्टरांनी १८६२ साली आपला तक्ता याच मापावर बेतला.

घरी आल्यावर चिरंजीव कागद-पेन्सिल घेऊन बसले. आमचा सोफा टीव्हीपासून दहा फुटांवर. तेवढ्या अंतरावर एक कला म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. आमच्या जुन्या पडद्यावरचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, फोर-केचा पाव मिलिमीटरचा. म्हणजे जुनेच ठिपके आम्हाला सुटे दिसत नव्हते! फोर-केचा बारीकपणा पाहायचा तर ४३ इंची पडद्यासमोर तीन फुटांवर जाऊन बसायला हवं. पडदा खूप मोठा असेल तर गोष्ट वेगळी, आणि नव्या संचांचे रंग, उजेड चांगले असतील तर तेही डोळ्यांना जाणवतात. पण निव्वळ ठिपक्यांसाठी आमचे पैसे वायाच गेले असते.

"आणि आजीला?" मी विचारलं. त्याने पुन्हा आकडे मांडले. सहा कला, म्हणजे पाच मिलिमीटरहून मोठा तपशील असेल तरच तिला दिसणार. पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला, "आई, आपण तिला पाव मिलिमीटरचा ठिपका विकत घेऊन देणार होतो."

शस्त्रक्रियेला मात्र सासूबाई तयार होईनात. "या वयात डोळ्याला हत्यार?" तेव्हा यांनी तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांची गोष्ट काढली. सरफोजींची कारकीर्द १७९८ ते १८३२. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार होत आणि त्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात. इथलं एग्मोरचं सरकारी नेत्र रुग्णालयही १८१९ सालचं, म्हणजे त्याच काळातलं. "आपल्या भोसल्यांच्या घरातली विद्या आहे म्हणता?" सासूबाईंनी विचारलं, आणि आमचं काम झालं.

नोव्हेंबरमध्ये एक डोळा, डिसेंबरमध्ये दुसरा. प्रत्येक वेळी जेमतेम वीस मिनिटांचं काम. नजर ६/९ वर आली. टीव्ही तोच, सोफा तोच, आणि खालून सरकणारी प्रत्येक ओळ सासूबाई आता आम्हाला मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. नको म्हणायची सोय नाही!

तोवर मार्गळी महिना लागला होता. या महिन्यात चेन्नईच्या दारोदारी मोठमोठी कोलमं निघतात. एके सकाळी सासूबाई पुन्हा बाल्कनीत उभ्या दिसल्या. समोरच्या मामी तांदळाच्या पिठीचे ठिपके ठेवत होत्या. सासूबाई बोटं मोडत मोजत होत्या.

"सूनबाई, इकडे ये," त्यांनी हाक मारली. "मधल्या ओळीत एकवीस हवेत. मामींनी वीसच ठेवलेत. तमिळमध्ये कसं सांगायचं गं त्यांना?"