मोरीच्या पोटांत

पाण्याची चोरी दोन प्रकारची. एक उघड, पाळ फोडून केलेली. आम्हां झाडीपट्टींतल्या लोकांस तिचा चांगला परिचय आहे. नवेगांवचा बांध घालणाऱ्या कोलू पाटील कोहळ्यांच्या ह्या मुलखांत तलावाची पाळ पाझरूं लागली, कीं साऱ्या गांवाची झोंप उडते. दुसरी चोरी जमिनीखालीं मुकाट्यानें चालते, व तिच्याविरुद्ध ओरड करणारा कोणी नसतो.

प्रतापगडाकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्याखालीं पावसाच्या पाण्यासाठीं सिमेंटच्या नळांची एक मोरी आहे. दोन वर्षें तिच्यावरचा रस्ता बशीसारखा खचत होता. मुरूम टाकावा, चोपावा, आणि श्रावणांत पुन्हां खळगा! महाशिवरात्रीच्या यात्रेला ह्याच वाटेनें माणसांनीं भरलेल्या गाड्या येतात, म्हणून मला त्या खळग्याची धास्ती वाटे. कारण उमगलें तें असें: पूर आला कीं नळ तुडुंब भरून पाणी उघड्या सांध्यांतून बाहेरच्या मातींत शिरतें, पूर ओसरला कीं तेंच परत येतें, पण रिकाम्या हातानें नव्हे. वर डांबर शाबूत, खालीं पोकळी.

खणून नळ बदलावे, असें जाणत्यांचें मत. परंतु रस्ता फोडला तर पलीकडच्या वस्तीला दवाखान्याची वाट उरत नव्हती. गेल्या उन्हाळ्यांत आलेल्या कारागिरांनीं कुदळ आणलीच नाहीं. नळ धुऊन, ओणव्यानें आंत शिरून, त्यांनीं सांध्यांशीं बारीक भोकें पाडलीं आणि पॉलियुरेथेनचा रस पंपानें दाबला. हा रस पाणी लागतांच फेसाळून फुगतो व घट्ट होतो. म्हणजे चोराची वाट चोराच्याच हातून बुजवायची! गंमत अशी, कीं वैशाखांतली माती इतकी कोरडी होती, कीं आधीं तिला पाणी पाजावें लागलें. मागची मोठी पोकळी पातळ सिमेंटनें भरली.

नळच तडकला असेल तर उपाय निराळा. 1971 सालीं लंडनमध्यें एरिक वुड यांनीं राळेंत भिजविलेली नमद्याची नळी जुन्या गटारांत घालून तेथेंच कडक केली. जुन्याच्या पोटांत नवा नळ. मुंबईच्या रस्त्यांखालीं इंग्रजी अमदानींतल्या विटांच्या कमानी आहेत. तेथें खणायचें म्हणजे शहराचा श्वासच अडवायचा. अशा ठिकाणीं ह्या विद्येची खरी किंमत कळते.

मात्र नळ बसून उतारच बिघडला, तर रस आणि राळ दोन्ही व्यर्थ. आमच्या मोरीचा शेवटचा नळ तसा बसलेला आहे. त्याला पुढच्या उन्हाळ्यांत कुदळ लागेलच. उरलेल्या रस्त्यावर यंदा मुरूम टाकावा लागला नाहीं.