तळाचा स्क्रू

कागदावर तीन गोळ्या. पहिली हवी तिथे. दुसरी चार इंच उजवीकडे, तिसरी पार डावीकडे. आदल्याच दिवशी ही रायफल झिरो करून, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी जुळवून, घरी नेली होती. अशा वेळी हात आपसूक दुर्बिणीच्या टरेटकडे, नेम सरकवणाऱ्या चकतीकडे, जातो. शंभर यार्डांवर एक क्लिक म्हणजे साधारण पाव इंच, म्हणजे सोळा क्लिक फिरवले की झालं, हा हिशेब डोक्यात तयारच असतो. मी हात मागे घेतला. भटक्या गोळीच्या मागे क्लिक फिरवत गेलं की काडतुसांची पेटी संपते आणि मूळ दोषाचा मागही पुसला जातो.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे रायफलीने हरणाची शिकार थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होते आणि नऊ दिवस चालते. महाराष्ट्रात वाढताना मी शिकार पाहिली नव्हती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरची आमची पिढी. मला शिकवलं ते इथल्या शेजारच्या आजोबांनी.

दोन वर्षांपूर्वी ऐंशी यार्डांवरच्या मादीला माझी गोळी फुप्फुसाऐवजी पोटात लागली. बर्फावरचा रक्ताचा माग अंधार पडेपर्यंत काढला. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. रायफल चुकली की माझा हात, हे मला आजही सांगता येत नाही, कारण तेव्हा मी तपासलंच नाही.

म्हणून या वेळी आधी स्वतःला तपासलं. रायफल पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर, काडतुसं एकाच पेटीतली, आणि दर गोळीनंतर नळी गार होईपर्यंत थांबायचं. पाच गोळ्या झाडल्या, तरी पसारा तोच. नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीतून डॉलरची नोट सरकवली. कुठे अडली नाही, म्हणजे नळी दस्त्याला टेकत नव्हती. दस्त्याचे स्क्रू घट्ट. दुर्बीण धरणाऱ्या रिंगांचेही घट्ट, आणि दरवर्षी मी तपासत आलो ते एवढेच.

शेवटी दुर्बीण उतरवली. रिंगा ज्या पट्टीवर बसतात, तिचे स्क्रू खाली झाकलेले असतात. पुढच्या स्क्रूला पाना लावला आणि तो जोर न लावता अर्धा वळसा फिरला. साडेतीन मिलिमीटर जाडीचा स्क्रू, आट्यांमध्ये तेल. पट्टी मीच बसवली होती, तेल न पुसता. थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाच्या प्रत्येक धक्क्याला पट्टी केसभर हलत होती, आणि डोळ्यांपाशीचं केसभर शंभर यार्डांवर काही इंच होतं.

आटे ॲसिटोनने पुसले, आटे धरून ठेवणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकरचा एकेक थेंब सोडला आणि टॉर्क पान्याने स्क्रू वीस इंच-पाउंडांवर आवळले. रिंगांना त्याहून कमी जोर दिला. जास्त आवळलं की दुर्बिणीचं नळकांडं चेपतं आणि आतली यंत्रणा अडखळते. मग स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. रात्रभर रायफलीला हात लावला नाही. एवढं करूनही गोळ्या भटकल्या असत्या, तर दुसऱ्या रायफलीवरची भरवशाची दुर्बीण चढवून पाहायची होती.

दुसऱ्या दिवशी पाच गोळ्या सव्वा इंचात बसल्या. मग टरेट फिरवला, सहा क्लिक, आणि पुन्हा पाच झाडल्या.

सीझनच्या आदल्या रात्री दुर्बिणीखालच्या फटीत टॉर्च धरून पाहिलं. रेघ अखंड होती.