तिन्हीसांजेचा तास

ग्वाल्हेरच्या स्टेशनजवळच्या पडाव भागात राहणाऱ्याला निवासी शाळेचं वर्ष सामानावरून कळतं. एप्रिलात स्टेशनबाहेर उतरणाऱ्या पत्र्याच्या पेट्या कोऱ्या असतात. झाकणावर पांढऱ्या रंगाने घातलेलं नाव अजून कुणी नखाने खरवडलेलं नसतं. मेच्या मध्यावर त्याच पेट्या उलट वाटेने परततात. तोवर ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांकडे निघालेला असतो, दुपारी लू सुटते आणि किल्ल्याचा दगड रात्री उशिरापर्यंत ऊन ओकत राहतो. पावसाच्या सरी सुरू झाल्या की मुलं पुन्हा हजर. मग दसरा-दिवाळी. मग हिवाळ्याची सुट्टी, जेव्हा पहाटेची गाडी धुक्यामुळे दुपारी येते आणि फलाटावर शालीत गुरफटलेले आईवडील आपल्या मुलाकडे आळीपाळीने बघत बसतात. सत्रांच्या तारखा कार्यालयात ठरतात असं आपण म्हणतो. इथे त्या ऊन, पाऊस आणि धुकं ठरवतात. कागद त्यांच्या मागून येतो.

माझ्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी बसतो. शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात तो दुसरं काम हाती घेत नाही. मोजे, बनियन, टॉवेल, उशीचा अभ्रा, सगळ्यावर मुलाचा नंबर शिवायचा असतो, कारण धोब्याकडून कपडे आले की सगळ्यांचे ढिगाऱ्यात येतात. शिवपुरी, दतिया, झाशीकडून आलेल्या आया मशीनशेजारी उभ्या राहून एकेक टाका बघतात. त्यांतली एक म्हणाली होती, ‘‘भैया, टाँका पक्का लगाना, वहाँ कौन सिएगा?’’ शिंप्याने काही न बोलता नंबरावरून मशीन दुसऱ्यांदा फिरवलं.

इथून पेट्यांना दोन वाटा फुटतात. मुलींच्या पेट्या जवळच मोती महालाच्या रस्त्याला लागतात. तिथे सिंधिया कन्या विद्यालय आहे, राजमाता विजयाराजे शिंदे यांनी १९५६ साली स्थापन केलेलं. मुलांच्या पेट्या फुलबाग आणि शिंदे की छावनी ओलांडून उरवाई दरवाजाने किल्ला चढतात. त्या चढावर कड्यांच्या पोटात पंधराव्या शतकातले तीर्थंकर कोरलेले आहेत, काही इतके उंच की मोटारीच्या काचेतून नव्या मुलाला त्यांचे गुडघेच आधी दिसतात. वर गेलं की सिंधिया स्कूल. माधवराव शिंदे यांनी १८९७ साली ते काढलं तेव्हा ती सरदारांच्या मुलांची शाळा होती; शितोळे, आंग्रे अशा घराण्यांतल्या, घरी पाण्याचा पेलाही नोकराने हातात द्यायचा अशा मुलांची. १९३३ पासून तिचं रूप पालटलं. थिऑसॉफीच्या संस्कारातले एफ. जी. पिअर्स प्राचार्य झाले आणि सरदारांची शाळा सर्वांसाठी खुली अशी पब्लिक स्कूल झाली. मुलं राहतात त्यांतल्या जुन्या इमारती मुळात इंग्रज फौजेच्या बराकी. १८५८ नंतर हा किल्ला इंग्रजांनी दाबून ठेवला होता. १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला. फौजेच्या वस्तीत पुढे मुलांच्या चादरी वाळू लागल्या, ही मला त्या किल्ल्याच्या इतिहासातली फार चांगली घटना वाटते.

वसतिगृहांची नावं ऐकताना मराठी माणसाच्या कानाला घरचं काहीतरी लागतं. रणोजी, जयाप्पा, महादजी, दौलत, जयाजी, माधव, जिवाजी, शिवाजी. लहानांच्या घरांपैकी एक दत्ताजी. बुराडी घाटावर १७६० च्या जानेवारीत पडलेल्या त्या वीराचं शेवटचं उत्तर आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. आणि एक घर आहे कनेरखेड. हे माणसाचं नाव नव्हे. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड, शिंद्यांचं मूळ गाव. कानपूरचा किंवा काठमांडूचा दहा वर्षांचा मुलगा, ज्याने कृष्णेचं खोरं कधी पाहिलेलं नाही, ‘कुठे राहतोस’ म्हटल्यावर ‘कनेरखेड’ म्हणून सांगतो. लहान मुलांपैकी काहींना मोठमोठ्या सेनापतींच्या आधी एका गावाच्या नावाखाली निजवावं, हे ज्यांना सुचलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

मी त्याच कोरेगावच्या बाजूचा. सरकारी नोकरीने ग्वाल्हेरला आणलं आणि पडावाने ठेवून घेतलं. पण शिकलो साताऱ्याकडच्या वसतिगृहात. सातारा ही वसतिगृहाची वेगळीच पंढरी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथे शाहू बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, आणि धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मुलांच्या भाकरीसाठी दिलं. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. माझं वसतिगृह पुष्कळ नंतरचं आणि पुष्कळ लहान, पण त्याच हवेतलं. आमची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा. पहाटे तो वाजायचा, मग सडा-झाडलोट, विहिरीवर रांग, उजळणी, भाकरी, शाळा, दुपारनंतर शेतात काम, प्रार्थना, पुन्हा भाकरी, कंदिलापाशी अभ्यास आणि झोप. किल्ल्यावरच्या किंवा मोती महालाजवळच्या मुलांचे शब्द निराळे आहेत: पीटी, मेस, रेस्ट, गेम्स, प्रेप, लाइट्स आउट. सरदारांच्या पोरांसाठी निघालेली शाळा आणि शेतकऱ्यांच्या पोरांसाठी निघालेलं बोर्डिंग यांत जमीन-अस्मानाचं अंतर. तरी दिवसाचा सांगाडा दोन्हीकडे एकच, आणि त्याचं कारण मला उशिरा उमगलं.

नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात सगळ्यात जड जातो तो ‘आता काय करू’ हा प्रश्न. घरी तो पडतच नाही. आई सकाळपासून बोलत असते: ऊठ, दात घास, दूध पी, इकडे ये, तिकडे जाऊ नकोस, जेवायला बस. त्या बोलण्याकडे आपण लक्ष देत नाही, पण त्याच्या आधारावर दिवस उभा असतो. परक्या ठिकाणी ते बोलणं अचानक बंद पडतं आणि मूल आतून रिकामं होतं. अशा वेळी घंटा वाजते आणि पुढची पंधरा मिनिटं कुठे उभं राहायचं ते सांगते. दहा वर्षांच्या मुलाला स्वातंत्र्य हवं असतं हे खरं. पण पहिल्या आठवड्यात त्याला त्याहून अधिक हवं असतं ते हे की दुपारी एक वाजता आपली कुणीतरी कुठेतरी वाट बघतंय. ताटावरची ठरलेली जागा, खाटेचा नंबर, नळापाशी आपल्या पुढे आणि मागे रोज तोच मुलगा. वसतिगृहातल्या मैत्र्या निवडून होत नाहीत, रांगेत होतात. माझ्या मागे उभा राहणारा मुलगा आज पुसेगावात शेती करतो आणि त्याच्या लेकीच्या लग्नात मी पंक्तीत वाढत होतो.

म्हणून निवासी शाळेच्या दिनक्रमाला कुणी तुरुंगाचा म्हटलं की मला राग येतो. पण हेही खरं की दिनक्रम बिघडतो. तो बिघडतो भरल्यामुळे. हल्ली कितीतरी ठिकाणची वेळापत्रकं मी बघतो. दुपारची विश्रांती काढून तिथे स्पर्धापरीक्षेचा वर्ग, खेळाच्या तासातून अर्धा तास संगणकाला, रविवारी सकाळी चाचणी. पालकांना दाखवायला ते छान दिसतं. एक चौकोन मोकळा दिसला की फी वाया गेल्यासारखं वाटतं लोकांना. आणि त्या भरलेल्या चौकोनांत मुलाला आईची आठवण काढायला जागाच राहत नाही. मग ती आठवण भलत्या वेळी येते: गणिताच्या तासाला, आंघोळीत, तापात.

खरं तर तिची वेळ ठरलेली आहे. तिन्हीसांजा. आपल्याकडे या वेळेला घरात कुणी निजायचं नाही, उंबऱ्यावर बसायचं नाही, देवापाशी दिवा लावायचा, मुलांनी हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणायचं. आमच्या बायका-माणसांनी हे उगीच घालून दिलेलं नाही. खेळ संपलेला, अभ्यास सुरू व्हायचा, बाहेरचा उजेड गेलेला आणि आतला नीट आलेला नाही, अशा सांध्यावर माणसाचं मन निसटतं. मोठ्यांचंही निसटतं, मुलाचं तर निसटायलाच टपलेलं. आमच्या वसतिगृहात एक लहानगा रोज याच वेळी विहिरीमागे जायचा. आम्हांला वाटे तो पळून जाण्याची वाट शोधतोय. गुरुजी त्याच्यावर रागावले नाहीत, त्याला समजावलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळी त्याला आपल्याशेजारी पोत्यावर बसवलं आणि कंदिलाच्या काचा पुसायला दिल्या. राखुंडी आणि जुनं धोतर. गुरुजी वाती कातरायचे, तो काचा पुसायचा, दोघंही बोलत नसत. महिन्याभरात काचा इतक्या लख्ख झाल्या की आम्ही त्याला ‘दिवाबत्ती’ म्हणू लागलो आणि तो विहिरीमागे जायचा थांबला. रडायचा पूर्ण थांबला असं नाही. पण आता तो गुरुजींशेजारी बसून रडायचा.

किल्ल्यावरच्या शाळेने हा तास ज्या तऱ्हेने सांभाळला आहे ते कळलं तेव्हा मला गुरुजींची आठवण आली. तिथे अस्ताचल नावाची जागा आहे, किल्ल्याच्या पश्चिम कडेला. खेळ आटोपले की मुलं तिथे येऊन बसतात. समोर दरी, पलीकडे माळ आणि टेकड्या, त्यांवर सूर्य उतरताना. थोडं गाणं, कुणाचे चार शब्द, आणि मग शांतता. शाळेच्या वेळापत्रकात हा चौकोन आहे आणि त्यात लिहिण्याजोगं काही नाही! त्याला कुणी ध्यान म्हणतं, कुणी प्रार्थना, कुणी संस्कार. मला त्यात वेगळंच शहाणपण दिसतं. घराची आठवण नेमकी ज्या वेळी येते, त्या वेळी मुलांना विखरू द्यायचं नाही, कामालाही जुंपायचं नाही. एकत्र बसवायचं आणि आठवण येऊ द्यायची. शेजारी बसलेल्यालाही तीच येते आहे हे न बोलता कळतं. दहावीतला दाढी फुटलेला मुलगा आणि कनेरखेडमधलं पोर, दोघंही त्याच क्षितिजाकडे बघतात. ज्याची आई कानपूरला आहे तोही, आणि ज्याची आई नाही तोही.

पडाव किल्ल्याच्या आग्नेयेला येतो. उन्हाळ्यात आमच्याकडे सूर्य किल्ल्याच्या मागे जातो. तट काळा पडतो, पुलाखालच्या चहावाल्याचा बल्ब लागतो, टेम्पोवाले ‘बाडा, बाडा’ ओरडायला लागतात. आमच्यासाठी दिवस संपलेला असतो आणि वर त्या काळ्या तटाच्या पलीकडच्या अंगाला मुलांच्या तोंडावर अजून ऊन असतं. हे ठाऊक झाल्यापासून मी बाजारातून येताना तिकडे बघतो.

पुढचं सोपं असतं. प्रेपला बसलं की वही समोर येते, मेसमध्ये डाळ येते, दिवे गेले की दमलेली पोरं झोपतात. रविवार मात्र अवघड. रविवारला सांधेच सांधे. मग पत्र लिहायचा तास, कपडे आवरणं, टकच्या, म्हणजे खाऊच्या, डब्यात उरलेल्या मुरेन्याच्या गजकेची वाटणी, हिवाळ्यात कधी मेळा. ग्वाल्हेरचा मेळाही त्याच माधवरावांनी १९०५ साली सुरू केलेला. पाळणे, गरम कपडे आणि पापडांच्या ढिगांमधून युनिफॉर्मातल्या मुलांची ओळ जाताना बघितली की दुकानदार आपला आवाज जरा खाली आणतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. सत्राच्या शेवटाकडे तर दिनक्रम आपोआप सैलावतो. परीक्षा संपते, पेट्या खाटांखालून बाहेर येतात, आणि घंटा वाजते तेव्हा ती वाजवणाऱ्यालाही ठाऊक असतं की आता कुणी धावणार नाही.

मी बोर्डिंगात वाढलो हे माहीत असल्याने लोक विचारायला येतात. पुण्या-साताऱ्याकडचे नातलग झेलम एक्सप्रेसने येतात, स्टेशन जवळ म्हणून माझ्याकडे उतरतात, दुसऱ्या दिवशी इथली नाहीतर देहरादूनकडची एखादी शाळा बघायला जायचं असतं. माहितीपत्रक उघडून दाखवतात: पोहण्याचा तलाव, घोडे, निकाल. ‘‘काका, तुम्हीच सांगा, ठेवावं का पोराला?’’ ठेवावं की नाही हे मी सांगत नाही. ते त्या पोराला बघितल्यावाचून कुणालाच सांगता येणार नाही. मी फक्त भेटीची वेळ बदलायला सांगतो. सकाळी दहाला कार्यालयाने दिलेली वेळ घेऊ नका. संध्याकाळी जा, खेळ संपता संपता, दिवे लागायच्या जरा आधी. प्राचार्यांची गाठ नाही पडली तरी चालेल. सगळ्यात लहान मुलं राहतात ती इमारत विचारून घ्या, फाटकापाशी थोडं थांबा, आणि त्या वेळी त्या मुलांजवळ मोठं माणूस कोण आहे ते बघा.