बहात्तर मतं

मुलांनो, गोष्टीतला एखादा पोरगा तुम्हाला मुळीच आवडत नाही. अशा वेळी संपादकांनीच विचारलं, "याला जगवू की मारू?" तर काय सांगाल?

थट्टा नाही हं! १९८८ साली अमेरिकेत हे खरोखर घडलंय.

बॅटमन आणि त्याचा छोटा साथीदार रॉबिन तुम्हाला माहीत असतीलच. १९४० साली आलेला पहिला रॉबिन म्हणजे सर्कशीत झोक्यावरच्या कसरती करणारा डिक ग्रेसन. तो मोठा झाला, स्वतंत्र झाला आणि त्याच्या जागी जेसन टॉड आला. हा गडी निराळाच! बॅटमनशी त्याची पहिली गाठ पडली, तीच मुळी बॅटमनच्या गाडीची चाकं चोरताना. तापट, उलट उत्तरं देणारा, सांगितलेलं न ऐकणारा. पुष्कळ वाचकांना तो डोळ्यांसमोर नको झाला.

मग लेखक जिम स्टार्लिन आणि चित्रकार जिम अपारो यांच्या एका गोष्टीत जोकरने जेसनला लोखंडी कांबेने बेदम मारलं आणि गोदामात बाँबशेजारी टाकून दिलं. स्फोट झाला आणि अंक तिथंच संपला! शेवटी दोन फोन नंबर छापले होते. एक जेसनला वाचवण्यासाठी, दुसरा मारण्यासाठी. एका फोनला ५० सेंट. १५ आणि १६ सप्टेंबरला फोन खणखणत राहिले. पुढच्या अंकाची पानं दोन्ही प्रकारे तयार ठेवली होती.

वाचवा म्हणणारे ५,२७१. मारा म्हणणारे ५,३४३. फरक अवघा ७२ मतांचा. जेसन मेला.

गेल्या मे महिन्यात भाचरं सुट्टीला आमच्याकडे आली होती. दुपारी उन्हामुळे बाहेर सोडता येत नव्हतं, तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगितली. निकाल मात्र लपवून ठेवला. चिठ्ठ्या केल्या, लाडवांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. सातांपैकी पाच चिठ्ठ्यांवर 'मारा'!

"का रे?" मी विचारलं.

"आगाऊ आहे तो," मोठा भाचा म्हणाला. "आणि मामा, मेला तर गोष्ट भारी होते."

हे दुसरं कारण मला जास्त खरं वाटलं. तिकडच्या फोनवाल्यांतही असे बरेच असणार. एकाने तर संगणकाला कामाला लावून 'मारा'च्या नंबरवर तासन्‌तास फोन लावले, असं संपादक डेनिस ओनील यांच्या कानावर आलं होतं. हे सांगितल्यावर मुलांनी "चीटिंग!" म्हणून एकच गिल्ला केला.

मग मी राहिलेला भाग सांगितला. जेसन त्या गोदामात पोचला, तो आपल्या आईचा शोध घेत. त्या आईनेच त्याला जोकरच्या हाती दिलं होतं. तरीही स्फोट झाला तेव्हा तो तिला पाठीशी घालून उभा राहिला. वाचकांना हे कळलं ते फोन करून झाल्यावर, पुढच्या अंकात.

खोलीत सगळे गप्प. मीसुद्धा. मला आमची नववी आठवली होती. कबड्डीच्या संघातून एका मुलाला काढायचं की नाही, यावर सरांनी हात वर करायला सांगितले होते. तो सरावाला रोज उशिरा यायचा आणि भांडायचाही फार. माझा हात वर गेला होता. तो उशिरा का येतो, हे मी त्याला कधीच विचारलं नाही. तो भिंतीला टेकून आमचे हात मोजत होता, एवढं मात्र अजून आठवतं.

"मग पुढे?" भाच्याने विचारलं.

पुढे १९८९ मध्ये टिम ड्रेक नावाचा शहाणासुरता मुलगा आला आणि रॉबिन झाला. जेसनलाही २००५ मध्ये लेखकांनी परत आणलं, सगळ्यांवर संतापलेला.

"मी पण संतापलो असतो!" भाचा म्हणाला. याने 'मारा' लिहिलं होतं, बरं का.

धाकटी भाची इतका वेळ काही बोलली नव्हती. ती उठली, डबा उपडा केला आणि चिठ्ठ्यांमध्ये आपलं अक्षर शोधू लागली.