गाडी केव्हा तापते?

वारंगा फाट्याकडून येणारे ट्रक हदगाव ओलांडून पैनगंगेच्या पुलावरून उमरखेडला आणि पुढं नागपूरकडं जातात. मे महिन्यात त्यातले कितीतरी आमच्या शेडसमोर वाफा टाकत थांबतात. "मिस्त्री, गाडी तापायली, रेडिएटर बदलून टाका," ड्रायव्हर म्हणतो. मी विचारतो, "भाऊ, केव्हा तापायली?" निम्मं निदान त्या उत्तरात असतं.

बाजारात रेंगाळताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की उतरतो, तर आधी फॅन बघावा. पळत्या गाडीला समोरचा वारा मिळतो, रेंगाळणारी गाडी मात्र फॅनच्याच भरवशावर असते. भरल्या गाडीला चढावर, वेगातही काटा चढतच राहिला, तर रेडिएटर चोंदलाय किंवा पाणी नीट फिरत नाही. बाहेरून कापसाची तूस, सोयाबीनचं भुसकट जाळीत बसतं. आतून बोरच्या जड पाण्याचा क्षार धरतो. हा दोष थंडीत लपतो. बाहेर 20 अंश आणि इंजिनचं पाणी 90, म्हणजे फरक 70 अंशांचा. मेमध्ये बाहेर 43 असतं, फरक 47 वर येतो. रेडिएटरची एक तृतीयांश ताकद उन्हातच जाते.

विस्कस फॅन मात्र भल्याभल्यांना चकवतो. त्याच्या हबमध्ये सिलिकॉन तेल असतं आणि पुढच्या बाजूला दोन धातूंची पट्टी. रेडिएटरमधून आलेली गरम हवा लागली की पट्टी वळते, आतली वाट उघडते, तेल पकड धरतं आणि फॅन जोर घेतो. तेल गळालं की पकड सुटते. फॅन फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. मी गाडी तापू देतो, मग इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकतो आणि पातं हातानं ढकलून बघतो. ते जड लागायला पाहिजे. सैल गरगरलं आणि हबच्या कडेला तेलकट धुळीचं कडं दिसलं, की रेडिएटर खोलायचं कारण उरत नाही.

मला खरी चीड येते ती गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकलेलं इंजिन बघून. बऱ्याच इंजिनांत पाणी तापल्यावर बायपासची वाट तोच बंद करतो. तो नसला की बरंच गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच घुमतं. शिवाय थंडीत इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त पितं, लायनर झिजतात. त्याची परीक्षा किती सोपी आहे! पातेल्यात थर्मोस्टॅट टाकून पाणी तापवायचं, थर्मामीटर धरायचा आणि थर्मोस्टॅटवर छापलेल्या अंशाला तोंड उघडतं का ते बघायचं.

ट्रक बहुतेक हप्त्यावर घेतलेला असतो. अंदाजानं बसवलेल्या रेडिएटरचे पैसे मालक भरतो आणि पुढच्या गर्दीत गाडी पुन्हा तापते. तपासायला तास लागला तर लागू द्यावा. पान्याला हात त्यानंतर घालावा.